इंची आट्यांचे चार स्क्रू

२ फेब्रुवारी, सोमवार

आली एकदाची डिस्क! पण स्क्रू नाहीत.

खोकं उघडलं, आतला फोम काढला, चंदेरी पाकीट काढलं, पाकिटात डिस्क. खोकं उलटं करून झटकलं. फोमचे कण पडले. पुन्हा झटकलं. ही म्हणाली, "आता काय तळ फाडणार का?" फाडला. तळाखाली टेबल निघालं.

नोंद नीट असावी म्हणून पहिल्यापासून लिहितो. बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी एक पेटी आहे, आठ वर्षांपूर्वी लेकीने बसवून दिलेली. आत चार खण, चार खणांत चार डिस्क, आणि चौघींत मिळून हिची रेकॉर्डिंग. ही पुस्तकं मोठ्याने वाचते आणि साठवते, अंधांच्या ग्रंथालयासाठी. आजवर एकशे त्रेसष्ठ झाली. चारातली एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघी तिचं ओझं उचलतात. दुसरी गेली की संपलं, एकशे त्रेसष्ठच्या एकशे त्रेसष्ठ गेली. वीस जानेवारीला एक गेली. लाल दिवा लागला. हमीची मुदत लेकीने वाढवून घेतली होती, म्हणून कंपनीला कळवलं. त्यांचा नियम — आधी जुनी पाठवा, मग नवी देऊ. मला हा नियम मनापासून पटला. कारखान्याच्या भांडारात एकतीस वर्षं मी याच नियमाने माल दिला. जुना तुकडा टेबलावर ठेवल्याशिवाय नवा कुणाला दाखवलासुद्धा नाही.

तर जुनी गेली, नवी आली. ती खणातल्या पत्र्यावर चार स्क्रूंनी बसवायची, खण आत ढकलायचा, काम झालं. पाच मिनिटांचं काम.

जुने चार स्क्रू कुठे ठेवले ते आठवत नाही. मी ठेवले असते तर आठवलं असतं. त्याअर्थी हिने उचलले असणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पेटीबरोबर जादा स्क्रूंचं एक पाकीट आलं होतं. हे मला पक्कं आठवतं. सोळा नग. गॅलरीतलं माझं कपाट म्हणजे घरचं भांडार. अठ्ठेचाळीस खण, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि एक नोंदवही. पाकीट एकतीस नंबरच्या खणात असायला हवं. खण उघडला. रिकामा! चिठ्ठी मात्र जागच्या जागी.

हिला विचारलं. "मी तुमच्या कपाटाला हात लावत नाही," म्हणाली. "लग्नानंतर जे दोन-तीन नियम शिकले, त्यातला तो एक."

मग पडद्याची दांडी कशाने बसवली, म्हणालो. ती गेल्या वर्षी हिने सुताराकडून बसवून घेतली होती, मी गावाला गेलो असताना. शिडी लावून वर चढलो. एक स्क्रू काढून पाहिला तर लाकडाचा निघाला, लांबलचक. परत लावताना हातातून सुटला. ही जमिनीवर बसून तळहाताने फरशी चाचपत राहिली. स्क्रू तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर चकाकत होता. "अगं, समोर आहे," म्हणालो, "लक्ष कुठे असतं तुझं?" उठून आत गेली आणि वाचायला बसली.

माणूस चूक मान्य करत नसेल तर तो असा आत निघून जातो. भांडारात खूप पाहिलेत.

४ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं. स्क्रू नव्हे, स्क्रूंचं काय झालं ते.

नोंदवहीत मागे मागे जात पाहिलं. तीन वर्षांपूर्वीची ३१ मार्च. त्या दिवशी मी दरवर्षी घरच्या मालाची मोजदाद करतो. कारखान्याचाच नियम आहे, तीन वर्षांत जो माल हलला नाही तो मोडीत काढायचा, उगाच जागा अडवून ठेवायची नाही. नोंद अशी —

खण ३१. चपट्या डोक्याचे स्क्रू, पाकीट १, नग १६. हालचाल नाही. मोडीत.

खाली माझी सही. मोडीला दोन सह्या लागतात, म्हणून साक्षीदाराचीही सही आहे. ती हिची.

वही घेऊन आत गेलो. म्हणालो, ही सही तुझीच ना? "माझीच," म्हणाली. "तुम्ही म्हणालात इथे सही कर. केली."

न वाचता सही करू नये असं मी तिला सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं काहीसं वाटलं मला माझंच, पण ते इथेच लिहितो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

राहिले जुने चार. रात्रभर डोक्यात तेच. सकाळी कुरियरची पावती शोधली, तिला जोडलेली माझी यादी सापडली. कंपनीला डिस्क पाठवताना मी सुवाच्य अक्षरात यादी केली होती — डिस्क, नग १. स्क्रू, नग ४.

चारही स्क्रू मी जुन्या डिस्कच्या भोकांत परत नीट पिळून बसवले होते. माल परत करायचा तर त्याच्या सगळ्या जोडणीसकट, जसा आला तसा, असा रिवाज. अर्धा माल परत आणणाऱ्या फोरमनला मी दारातून परत पाठवलेलं आहे.

कंपनीला फोन लावला. मुलगी गोड बोलत होती. "सर, सूचनापत्रात लिहिलंय, डिस्कसोबत काहीही पाठवू नये. पाठवल्यास परत मिळणार नाही." सूचनापत्र पाहिलं. लिहिलंय. ठळक अक्षरात. चौकटीत. मी तिला म्हणालो, "अहो, पण यादी होती." ती म्हणाली, "हो सर, आम्हाला यादी आवडली."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. हिला सांगितलं नाही. कंपनीने ठेवून घेतले एवढंच म्हणालो. खोटं नाही ते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने बरणी उपडी केली. चारशेएक स्क्रू, सगळी सरमिसळ. "घ्या काका, काय हवेत ते," म्हणाला.

मी त्याला सांगितलं, या डिस्कला इंची आटे लागतात, मिलिमीटरचे नाही. मिलिमीटरचा स्क्रू दोन फेरे आत जातो, आपल्याला वाटतं बसला, आणि तिसऱ्याला आटे खातो. भोक कायमचं वाया. शिवाय डोकं चपटं हवं, पत्र्यात बुडणारं, नाहीतर खण आत सरकताना अडतो. आणि लांबीही बेताची हवी, जास्त झाली तर टोक आतल्या सर्किटच्या पाटीला लागतं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "काका, स्क्रूच आहे ना तो? घट्ट बसला म्हणजे झालं."

एक तास बसून बरणी निवडली. इंची आट्यांचे एकवीस निघाले, सगळे गोल डोक्याचे. चपट्या डोक्याचे नऊ निघाले, सगळे मिलिमीटरचे. निघताना मी त्याला दोन्ही प्रकार वेगळे करून दिले. त्याने माझ्यासमोर दोन्ही परत एकाच बरणीत ओतले.

८ फेब्रुवारी, रविवार

टर्नरकडे गेलो. कारखान्यात आम्ही बरोबरच निवृत्त झालो. त्याने घरामागच्या शेडमध्ये छोटं लेथ टाकलंय. म्हणाला, "चार स्क्रू? च्यायला, चहा होईपर्यंत देतो."

चहा दोनदा झाला. जेवणाची वेळ झाली. एवढा बारीक स्क्रू त्याने जन्मात कापला नव्हता हे त्याने तिसऱ्या कपाला कबूल केलं. अडीच वाजता एक तयार झाला. काय सुंदर! आटे असे की बघत राहावं. गेज लावून पाहिलं तर लांबी अर्ध्या मिलिमीटरने जास्त.

मी म्हणालो, हा नाही चालणार.

"अर्धा मिलिमीटर रे!"

मी म्हणालो, अर्धा असो की पाव, नाही म्हणजे नाही. त्याने स्क्रू माझ्या हातातून घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. "एकतीस वर्षं तुझ्या खिडकीसमोर उभा राहिलो," म्हणाला, "आता माझ्या घरात तरी नको." त्याच्या बायकोने जेवून जा म्हटलं. जेवलो नाही.

खरं तर वॉशर टाकला असता तर तो अर्धा मिलिमीटर भरून निघाला असता. हे मला घरी येताना वाटेत सुचलं. टर्नरलाही सुचलं असणार, पण रागात कोण सांगतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

टर्नर फोन उचलत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. ती परगावी असते, पण तिथून इंटरनेटवर पेटीची तब्येत बघू शकते. म्हणाली, तीन नंबरची डिस्क आजारी आहे. खराब जागा गेल्या आठवड्यात आठ होत्या, आज एकेचाळीस. "बाबा, नवीन डिस्क आजच्या आज आत घाला. टेप लावा, चिकटवा, काहीही करा."

मी म्हणालो, टेप? डिस्क आत मिनिटाला हजारो फेरे फिरते, आणि तू टेप म्हणतेस?

"एका दिवसासाठी, बाबा. नंतर शोधा स्क्रू."

एक दिवस म्हणून लावलेली टेप वीस वर्षं राहते. कारखान्यात कॅन्टीनच्या पंख्याला होती. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, पंखा पडला का? पंखा पडला नव्हता, पण मुद्दा तो नाही.

मग फोन हिने घेतला. दोघी हळू आवाजात बोलल्या. फोन ठेवून ही म्हणाली, "बाकीच्या तीन खणांतला एकेक स्क्रू काढला तर? तीन होतात की." तसं करायला पेटी बंद करावी लागते, आणि आजारी डिस्क बंद केल्यावर परत उठेलच असं नाही, असं लेकच म्हणाली होती. शिवाय एकाचं काढून दुसऱ्याला लावणं याला भांडारात चोरीच म्हणतात.

"मग दुसरीकडे कॉपी करून ठेवू? लॅपटॉपमध्ये मावत नाही, पण एखादी वेगळी डिस्क आणली तर..."

चार स्क्रूंसाठी अख्खी डिस्क विकत आणायची? मी हसलो. ती हसली नाही. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," असं पुटपुटत आत गेली. मी ऐकलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मागवले. हवे तेच, इंची, चपटे, बेताच्या लांबीचे. शंभराचं पाकीट, त्याहून कमी ते देत नाहीत. आठ दिवसांत येतील. हिला सांगितलं तेव्हा वाटलं होतं खूश होईल. "आठ दिवस?" एवढंच म्हणाली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हिचं काहीतरी बिनसलंय. रोज सकाळी उठल्या उठल्या विचारते, "आज?" मी म्हणतो, वीस तारीख. ती पेटीसमोर थोडा वेळ उभी राहते. लाल दिवा पाहते. मग आपल्या खोलीत जाते, खिडकी बंद करते आणि वाचत बसते. पूर्वी दोन तास वाचायची, हल्ली सहा-सहा तास. आवाज बसलाय तरी वाचते. टेबलावर तो भला मोठा दिवा, भर दुपारीही चालू. खोली नुसती तापते. एकदा म्हणालो, अगं, सूर्य आहे की बाहेर. म्हणाली, "असू दे."

मला एक कळत नाही, ते आज लिहूनच टाकतो. भांडार म्हणजे काय? माल येतो, माल जातो. हिच्याकडे आठ वर्षं नुसता येतोय. एकशे त्रेसष्ठ जमा, आणि गेलं किती? शून्य! एकही पुस्तक अजून त्या ग्रंथालयाला दिलेलं नाही. विचारलं की म्हणते, संच पूर्ण झाला की एकदम देईन. भिंतीवर यादी लावलीय, दोनशे तीन पुस्तकांची. म्हणजे चाळीस बाकी. आठ वर्षं थांबलेल्यांना आणखी आठ दिवस थांबायला काय होतं?

आणि खरं सांगायचं तर त्या एकशे त्रेसष्ठांतलं एकही मी ऐकलेलं नाही. दारापाशी उभा राहून पाचदहा मिनिटं ऐकलंय कधीतरी. बरं वाचते.

१५ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा निरोप: खराब जागा एकशे नव्वद. हिला सांगितलं नाही. हिला लेकीने आधीच सांगितलं होतं.

जेवताना मी म्हणालो, उद्या जुन्या बाजारात जाऊन बघतो, तिथे भंगारवाल्यांकडे कधी कधी मिळतात. वीस तारखेपर्यंत हातावर हात धरून बसणं मलाही बरं वाटत नाही. ती म्हणाली, "किती वाजता जाणार? कधी येणार?" मला वाटलं, काळजीने विचारतेय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अक्षर बिघडलंय, तरी आजच लिहितो.

सकाळी नऊला निघालो. जुन्या बाजारात सहा दुकानं पालथी घातली. एकाने घड्याळाचे स्क्रू दाखवले, एकाने दाराच्या कडीचे. शेवटच्या भंगारवाल्याकडे एक मोडकी पेटी होती, आपल्यासारखीच. तिच्यात दोन स्क्रू सापडले. अगदी तेच! रुमालात बांधून खिशात घातले. चारात दोन कमी, पण निम्मं तर झालं, असं म्हणत पाच वाजता घरी आलो.

पेटीचे चारही खण बंद. चारही दिवे लागलेले, एक लुकलुकतोय.

तळमजल्यावर एक लिफ्ट दुरुस्त करणारा राहतो. हिने त्याला वर बोलावून घेतलं होतं. साडेचारला काम झालंसुद्धा. त्याने डिस्क पत्र्यावर ठेवली, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या, वरून काळ्या टेपच्या चार पट्ट्या मारल्या आणि खण आत ढकलला. लेकीने तिथून कळ दाबली. आता जुन्या तिघी मिळून नवीला सगळं भरून देतायत.

पुठ्ठा कुठला, विचारलं. माझ्या नोंदवहीचा! मागचं कव्हर कापलंय.

काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. चिठ्ठी नाही, विचारणं नाही, घरात माणूस नसताना परका माणूस बोलावून माल बसवून घेतला! मी खण बाहेर ओढायला हात पुढे केला. ही मध्ये येऊन उभी राहिली. पेटीला पाठ लावून.

"हात लावायचा नाही," म्हणाली.

चौतीस वर्षांत या आवाजात बोलली नव्हती. मी म्हणालो, अगं, हलेल ती आत, थरथरेल, बिघडेल. ती म्हणाली, "बिघडू दे. तुमच्या स्क्रूची वाट बघत बिघडण्यापेक्षा टेपमध्ये बिघडू दे." मग खुर्ची ओढून पेटीसमोर बसली. जेवायलाही तिथेच.

रुमालातले दोन स्क्रू एकतीस नंबरच्या खणात ठेवले. नोंद केली. कव्हर नसलेल्या वहीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी एकतीस टक्के. दुपारी बेचाळीस. संध्याकाळी साठ.

पेटीला कान लावून पाहिलं. काही थरथरत नाही. शांत घरघर. पुठ्ठा बरोबर मापाचा कापलाय, हे म्हणावं लागेल.

ही आज वाचायला बसली नाही. मी दोनदा चहा करून नेऊन दिला. घेतला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी साडेदहाला शंभर टक्के. बेचाळीस तास लागले. ही उठून आंघोळीला गेली.

दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी टकटक आवाज आला, पेटी किंचाळली आणि तीन नंबरचा दिवा लाल झाला. लेकीचा लगेच फोन. तीन नंबर गेली. कायमची. "पण आता हरकत नाही बाबा, नवीन भरली आहे. सगळं शाबूत आहे."

दोन तास पस्तीस मिनिटं. मी तीन-तीनदा वजाबाकी केली. परवा माझं ऐकून खण बाहेर ओढू दिला असता, किंवा वीस तारखेची वाट पाहिली असती, तर आज जेवणाच्या वेळेला एकशे त्रेसष्ठ पुस्तकं गेली असती. आणि मी कपाटासमोर उभा राहून नोंद करत बसलो असतो. लाज वाटली.

हिला म्हणालो, तुझं बरोबर होतं. चौतीस वर्षांत हे वाक्य किती वेळा म्हटलं ते मोजायला वही लागणार नाही. ती म्हणाली, "असू दे. जेवून घ्या."

संध्याकाळी खाली जाऊन लिफ्टवाल्याचे आभार मानले. तो बनियनवर बसून रेडिओ उघडून काहीतरी जोडत होता. त्याला विचारलं, बाबा रे, स्क्रू नाहीत म्हटल्यावर तुला काहीच कसं वाटलं नाही? म्हणाला, "काका, लिफ्ट अडकली की आत माणूस असतो. मी आधी माणूस बाहेर काढतो. लिफ्ट काय, आठवडाभर पडून राहिली तरी चालते."

परत वर येऊन मेलेली तीन नंबर काढली. तिचे चार स्क्रू निघाले, इंची, चपटे, मापाचे. पंधरा दिवस ज्यांच्यासाठी जोडे झिजवले ते आपणहून तळहातावर आले. टर्नरला निरोप पाठवलाय, उद्या येतो, चहा ठेव.

एक मात्र डोक्यातून जात नाही. खुर्ची टाकून बसली होती ती, तसं मी तिला आपल्या लेकीच्या तापातच पाहिलं होतं. ग्रंथालयासाठी एवढं?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी विचारलं, ग्रंथालयाला पुस्तकं मिळणार नाहीत म्हणून तू एवढी का घाबरलीस?

तिने टेबल पुसून पुरं केलं. मग म्हणाली, ग्रंथालय नाहीच. कधीच नव्हतं. आठ वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर तपासायला गेली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जातोय, औषध नाही, वाचता येईल ते आणखी आठ-दहा वर्षं. भिंतीवरच्या यादीतली सगळी पुस्तकं तिच्या आवडीची आहेत. पुढे तिला स्वतःला ऐकता यावीत म्हणून ती वाचून ठेवतेय.

मला का नाही सांगितलंस, म्हणालो.

"तुम्ही योग्य डॉक्टर शोधत बसला असता," म्हणाली. "मला तेवढ्या वेळात वाचायचं होतं."

टर्नरकडे गेलो नाही. अकरा ते एक मी तिच्या शेजारी बसून मोठा दिवा हातात धरला, ती सांगेल त्या ओळीवर. चाळीस पुस्तकं राहिलीत.